पगार कुणाचा, ओटीपी कुणाचा?

नवरा-बायकोत धंद्याचा नफा वाटून घ्या, टॅक्स वाचतो! चहाच्या टपरीवर हा फंडा प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेला असतो. धुळ्यात माझ्या माहेरी आणि जळगावला माझ्या सासरी मी तो आकडे मांडून तपासला. टॅक्सचं काय झालं ते सांगतेच, पण त्यातून आमच्या घरात जे झालं ते टॅक्सपेक्षा मोठं होतं.

जुलै २०२४. रिटर्न भरायची शेवटची तारीख उद्यावर आलेली. पुण्यात हिंजवडीला आयटीत नोकरी करणारी मुलगी म्हणजे घरच्यांच्या मते 'कॉम्प्युटरमधलं सगळं' येणारी मुलगी. त्यामुळे दरवर्षी माझ्या रिटर्नबरोबर नवऱ्याचं रिटर्नही माझ्याच गळ्यात. आणि त्या वर्षी प्रथमच आईचंही. धुळ्याचे आमचे जुने टॅक्सवाले काका रिटायर झाले होते आणि बाबा म्हणाले, "तिचं साधंच आहे, पाच मिनिटांत होईल."

आधी माझं उघडलं. म्युच्युअल फंड विकले होते म्हणून आयटीआर-२. त्यात एक प्रश्न येतो, बघितलाय का कधी? 'तुम्हाला पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू होतो का?' आपण सगळे डोळे झाकून 'नाही' टिक करतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं. या प्रश्नाशी आपला पुढे संबंध येणार आहे हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

मग आईचं उघडलं. लॉगिनला ओटीपी मागितला. तो गेला बाबांच्या मोबाइलवर. मेसेज बँकेचा असो की इन्कम टॅक्सचा, आईच्या नावाचा प्रत्येक ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जातो हे मला त्या दिवशी कळलं. बाबांनी नंबर सांगितला, मी आत शिरले आणि मागच्या वर्षीचं रिटर्न बघून थबकलेच. आईचं उत्पन्न : पगार, वर्षाला ३ लाख रुपये.

मी फोन लावला. "आई, बाबा तुला पगार देतात?"

"कसला पगार?"

मी काय वाचलं ते सांगितलं. फोनवर मिनिटभर शांतता. चिडली की आमची आई अहिराणीत बोलते. तिने एवढंच विचारलं, "मन्हं नाव कागदवर शे, पन पैसा कोठे शे?"

दुकान कुणाचं?

आता जरा आमच्या दुकानाबद्दल. धुळ्यात बाबांचं मिरची-मसाल्याचं दुकान आहे, मागे कांडप यंत्र. दोंडाईचाच्या बाजारातून लाल मिरची येते, ती निवडणं, देठ काढून घेणं, कुणाला ब्याडगी किती आणि लवंगी किती हे ठरवणं आणि आमचा फेमस खान्देशी काळा मसाला भाजून घेणं, ही सगळी कामं आईची. मूठभर मिरची हातात घेऊन ती ओल किती आहे सांगते. उन्हाळ्यात, मसाल्याच्या सीझनमध्ये, ४४-४५ डिग्रीत ती सकाळी आठ ते रात्री नऊ दुकानात असते. तीस वर्षं झाली. गल्ला बाबांकडे, गिऱ्हाईकं मात्र "काकू आहेत का?" असं विचारत येतात.

दुकानाच्या लायसन्सवर नाव बाबांचं. पॅन बाबांचं. बँकेचं खातं बाबांचं. आईचं नाव एकाच ठिकाणी, त्या ३ लाखांच्या पगारात. तोही तिला कधी मिळालाच नाही. बाबांची बाजू सांगायची तर त्यांनी लपवालपवी म्हणून काही केलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं, "वहिनींच्या नावाने पगार दाखवा, तेवढा नफा कमी होतो." त्यांनी दाखवला. अख्ख्या बाजारात सगळे असंच करतात, असं त्यांचं म्हणणं.

मग मी जळगावच्या आमच्या सासरच्या सीए साहेबांना फोन केला. त्यांनी तीन मिनिटांत फुगा फोडला.

क्लबिंग म्हणजे पबमधलं नव्हे!

साहेब म्हणाले, "ताई, यात दोन घोळ. पगार खरोखर दिलाच नसेल, तर तो खर्चच खोटा. आणि दिला असेल, तरी तो तुमच्या बाबांच्याच उत्पन्नात धरला जाणार. याला म्हणतात क्लबिंग."

फंडा असा. नवऱ्याचा धंदा आहे आणि त्यात बायकोला पगार, कमिशन, फी असं काही मिळतं, तर ते नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं. (उलटही लागू. बायकोचा धंदा आणि नवरा पगारी असेल तर तो पगार बायकोच्या उत्पन्नात.) भागीदारी असेल तर नफ्यात २० टक्के किंवा जास्त वाटा असला की तो धंदा 'आपला' धरतात. १९६१ च्या आयकर कायद्यातलं हे कलम ६४. पगाराचा हा नियम १९७६ मध्ये लागू झाला, पण मूळ कल्पना त्याहून जुनी, १९३७ ची, म्हणजे इंग्रजांच्या काळातली. नवरे मंडळी कागदावर बायकोला पार्टनर करून टॅक्स चुकवतात हे सरकारला तेव्हाच कळलं होतं! २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे नंबर बदलले, क्लबिंगचं तत्त्व मात्र तसंच राहिलं.

आता यात एक खिडकी आहे. बायकोकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार निव्वळ त्या ज्ञान-अनुभवाच्या जोरावरच मिळत असेल, तर क्लबिंग नाही. तो पगार तिचा, त्यावरचा टॅक्सही तिचाच.

मी खूश. म्हटलं, "साहेब, मग झालंच की! आईएवढं मसाल्यातलं कुणाला कळतं?"

"डिग्री आहे?"

नाही. आईचं एफ.वाय.ला असताना लग्न झालं आणि कॉलेज सुटलं.

साहेबांनी दोन कोर्टांच्या गोष्टी सांगितल्या. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटलं होतं की, पात्रता म्हणजे डिग्री-डिप्लोमाच असायला हवा असं नाही, अंगात कसब असेल तरी चालेल. पण मुंबई उच्च न्यायालयासमोर पुढे एका डॉक्टरांचं प्रकरण आलं. त्यांची पत्नी दवाखान्यात रिसेप्शन आणि हिशेब सांभाळायची, शिक्षण फर्स्ट इयर आर्ट्स. कोर्टाने तिचा पगार डॉक्टरांच्या उत्पन्नात क्लब केला. जळगाव-धुळ्याला मुंबई उच्च न्यायालय लागू, औरंगाबाद खंडपीठाच्या अखत्यारीतलं आपलं गाव. तेव्हा हैदराबादच्या निकालावर भिस्त ठेवणं रिस्की.

फर्स्ट इयर आर्ट्स! अगदी माझी आईच.

जळगावची जाऊ, धुळ्याची आई

याच कायद्याची दुसरी बाजू माझ्या सासरी दिसते. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटरवर जळगाव. तिथे माझे धाकटे दीर केळीचे वेफर्स बनवतात. त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या धाकट्या जावेने, फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. केलंय. तेलाचं तापमान किती, वेफर किती जाड, पाकिटात किती दिवस कुरकुरीत राहणार, लेबलवर काय छापायचं, सगळं तिच्याकडे. दीर केळी खरेदी आणि विक्री बघतात. धंदा दिरांच्या एकट्याच्या नावावर आणि जाऊ त्यात पगारी. पगार दर महिन्याला तिच्या खात्यात जातो. नेमणुकीचं पत्र आहे आणि कामाच्या रजिस्टरवर तिच्या सह्या आहेत.

आकडे मांडू या. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन्हीकडे वर्षाचा नफा १८ लाख धरू. दुसरं उत्पन्न काही नाही. टॅक्सचे दर २०२५-२६ या वर्षाचे, नव्या रिजीमचे.

धुळे : बाबांच्या एकट्याच्या नावावर १८ लाख. टॅक्स १,६०,०००, त्यावर ४ टक्के सेस, एकूण १,६६,४०० रुपये.

जळगाव : १८ लाखांतून जावेचा पगार ६ लाख. दिरांचं उत्पन्न १२ लाख, रिबेटमुळे टॅक्स शून्य. जावेचं ६ लाख, तिचाही शून्य. एकूण टॅक्स : भोपळा!

तेवढाच नफा, तेवढेच तास राबणाऱ्या दोन बायका. एकीकडे डिग्री म्हणून शून्य, दुसरीकडे नाही म्हणून १,६६,४००. जाऊ स्वतःच म्हणाली, "ताई, मला हे ऐकून लाज वाटली. काकूंनी भाजलेला मसाला मला लॅबमध्ये जमणार नाही."

गंमत बघा. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून आज दरवर्षी डिग्र्या मिळतात. समाजाला कळतं की शहाणपण कागदावर नसतं. टॅक्सवाल्यांना मात्र कागद लागतो.

मडगावात असतो तर...

आठवतो तो आयटीआरमधला पोर्तुगीज प्रश्न? तो गोव्यातल्या जोडप्यांसाठी. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा कौटुंबिक कायदा कायम राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न लागताच नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. म्हणून आयकर कायद्यात १९९४ मध्ये कलम ५ए घातलं, तेही १९६३ पासून लागू करून. त्यानुसार अशा जोडप्याचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफा, भाडं, व्याज, निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा.

आता आमचं मिरचीचं दुकान उचलून मडगावात ठेवा, चालवणारं जोडपं गोव्याचं. १८ लाखांचे झाले ९ आणि ९. दोघांचाही टॅक्स शून्य. बायकोची डिग्री कुणी विचारत नाही!

मला पहिल्यांदा वाटलं, काय मस्त सवलत आहे. मग लक्षात आलं, ही सवलत नव्हेच. गोव्यात टॅक्स अर्धा होतो कारण मालकी आधीच अर्धी झालेली असते. तिथला नवरा बायकोच्या संमतीशिवाय घर-जमीन विकू शकत नाही. नफ्यातला तिचा अर्धा हिस्सा टॅक्सपुरता नाही, तो तिचाच असतो. टॅक्सचा कायदा तिथे फक्त घरातली वस्तुस्थिती मान्य करतो. आमच्याकडे उलटं चाललं होतं. टॅक्सवाल्यांना सांगायचं 'हा हिचा पगार', आणि घरात तिला पत्ताच नाही.

परदेशातही हा वाद रंगलाय, आणि आयटीवाल्यांनी तर ही गोष्ट ऐकायलाच हवी. इंग्लंडमधल्या 'आर्क्टिक सिस्टिम्स' नावाच्या छोट्या कंपनीत दोनच शेअर होते, एक कॉम्प्युटर कन्सल्टंट नवऱ्याचा, एक ऑफिसचं काम आणि हिशेब बघणाऱ्या बायकोचा. कमावणारा नवरा, पण डिव्हिडंड दोघांना. टॅक्स खातं म्हणालं, हे सगळं नवऱ्याचंच उत्पन्न. केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि २००७ मध्ये जोडपं जिंकलं. निकालात कळीचं हेच ठरलं की, बायकोचा शेअर नुसतं उत्पन्न वळवण्यासाठी दिलेला तुकडा नव्हता, कंपनीतल्या मालकीचे सगळे हक्क त्यात होते.

आपल्याकडे तसा रस्ता नाही. पगारदार नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरायची सोयही नाही. २०२५ च्या बजेटआधी सीएंच्या संस्थेने, आयसीएआयने, तशी सूचना केली होती. ती बजेटात आली नाही.

होळीची मीटिंग

२०२५ च्या होळीला मी धुळ्याला गेले. आधीच्या वर्षांचा तो खोटा पगार आम्ही अपडेटेड रिटर्न भरून दुरुस्त केला होता. जादा टॅक्स बसला, बाबांचा चेहरा उतरला, पण नोटिशीच्या धास्तीपेक्षा ते बरं. आता प्रश्न पुढचा. पुरणपोळी झाल्यावर बाबांनी जाहीर केलं, "मी हिला पार्टनर करतो. फिफ्टी-फिफ्टी. म्हणजे टॅक्सही अर्धा."

जळगावचे सीए साहेब स्पीकरवर होते. ते हसले. "शेठ, फिफ्टी-फिफ्टी करा नाहीतर नव्वद-दहा करा, टॅक्सला फरक शून्य."

हा मुद्दा मलाही नवा होता. १९९३ पासून भागीदारी फर्म स्वतःच्या नफ्यावर स्वतः टॅक्स भरते. पार्टनरला मिळालेला नफ्याचा हिस्सा त्याच्या हातात करमुक्त. फर्मचा दर पहिल्या रुपयापासून ३० टक्के, सेस धरून ३१.२. तिला ना १२ लाखांचं रिबेट, ना स्लॅब. म्हणजे नफा कसा वाटायचा याचा टॅक्सशी संबंधच नाही.

फरक पडतो तो पार्टनरच्या मेहनतान्याने. सीए लोक त्याला रेम्युनरेशन म्हणतात. काम करणाऱ्या पार्टनरला फर्म मेहनताना देऊ शकते, तो डीडमध्ये लिहिलेला हवा आणि त्याला मर्यादा आहे. पहिल्या ६ लाख नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के, जे जास्त असेल ते, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. आमच्या १८ लाखांवर ही मर्यादा येते १२,६०,००० रुपये.

मी टिश्यू पेपरवर आकडे मांडले. दोघांना ६,३०,००० प्रत्येकी, दोघांचा टॅक्स शून्य. फर्मकडे उरले ५,४०,०००, त्यावर ३१.२ टक्के, म्हणजे १,६८,४८०. आणि एकट्या बाबांच्या नावावर टॅक्स किती होता? १,६६,४००. म्हणजे पार्टनरशिप करून टॅक्स वाचला तर नाहीच, वर २,०८० रुपये वाढले!

"थांबा," साहेब म्हणाले, "काकूंच्या मेहनतान्यालाही उद्या क्लबिंगचा प्रश्न विचारला जाऊ शकतो. मग १२ लाखांच्या वर गेलेल्या ६० हजारांमुळे शेठना रिबेट मिळणार नाही आणि ६२,४०० चा फटका बसेल. सेफ खेळायचं तर दोघांचा मेहनताना मिळून १२ लाखच ठेवा. दोघांना महिन्याला ५०-५० हजार. कुणी क्लब केलं तरी १२ लाखच होतात, टॅक्स शून्य."

मग फर्मकडे ६ लाख उरतात, टॅक्स १,८७,२००. आधीपेक्षा २०,८०० रुपये जास्त. भांडवलावर पार्टनरला १२ टक्क्यांपर्यंत व्याज देता येतं, त्याने आकडे थोडे सुधारतात. पण आईचं भांडवल बाबांनी दिलेल्या पैशातून आलं असेल तर त्यावरचं व्याज पुन्हा बाबांकडे क्लब होतं. पहिल्या वर्षी व्याज नकोच असं ठरलं.

बाबा गप्प. मग म्हणाले, "म्हणजे हिला पार्टनर करायला मला वर्षाला वीस हजार जास्त मोजायचे?"

आईने ताट उचलता उचलता विचारलं, "अहो, मग काय? नाही परवडत?"

घरात असा प्रश्न आईने बाबांना याआधी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

आईचे तीन प्रश्न

मला वाटलं आई खूश होऊन सही करेल. पण ती मिरची पारखते तशी डीडही पारखायला बसली. तिने साहेबांना तीन प्रश्न विचारले.

पहिला, "दुकानावर बँकेचं कर्ज आहे. मी पार्टनर झाले तर ते माझ्यावर येतं का?" साहेब म्हणाले, "फर्मने ते कर्ज स्वतःच्या नावावर घेतलं की होय काकू. पार्टनर झाल्यापासून फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर पूर्ण जबाबदार. नफा अर्धा असला तरी देणं अर्धं नसतं. तुमचं सोनं, तुमच्या नावावरचं काही, सगळं त्यात येऊ शकतं." १९३२ चा भागीदारी कायदा हेच सांगतो. टॅक्ससाठी बायकोला पार्टनर करणाऱ्या किती जणांनी तिला हे सांगितलं असेल?

दुसरा प्रश्न, "उद्या यांच्या जिवाला काही झालं तर दुकान कुणाचं?" दोनच पार्टनर असतील तर एक गेल्यावर भागीदारी संपते. पण तिचं भांडवल, तिचा हिस्सा तिचाच राहतो, वारसांच्या वाटणीत तो धरत नाहीत. पगारी बायकोला यातलं काहीही मिळत नाही.

तिसरा, "खात्याचा ओटीपी कुणाकडे येणार?"

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुझ्याकडे," म्हणाले. "तुझा फोन आहे ना."

मग झपाझप कामं झाली. स्टॅम्प पेपरवर डीड, ५०-५० टक्के. फर्मला नवं पॅन, नवा जीएसटी नंबर, फर्मच्या खात्यावर दोघांच्या सह्या. आईचं स्वतःचं खातं आधीपासून होतं, पण एटीएम कार्ड बाबांच्या ड्रॉवरमध्ये आणि मोबाइल नंबर बाबांचा. बँकेत जाऊन तो बदलायला एक फॉर्म आणि अर्धा तास लागला. तीस वर्षांत तो अर्धा तास कुणाला मिळाला नव्हता.

१ एप्रिल २०२५ पासून दुकान फर्मचं झालं. त्याच तारखेपासून आणखी एक नियम सुरू झाला. पार्टनरला वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त मेहनताना किंवा व्याज दिलं तर फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा. म्हणजे आईच्या ५० हजारांतून ५ हजार कापले जाणार. टॅक्स शून्य असला तर रिटर्न भरून ते परत मिळतात. पण त्यासाठी रिटर्न आईच्याच नावाने भरायचं आणि रिफंड येणार तो आईच्याच खात्यात.

एप्रिलच्या शेवटी मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा दुकानात मसाल्याची गर्दी. मागे कांडप यंत्राचा धडधडाट. आईने हात पदराला पुसले, फोन चष्म्याजवळ धरला आणि मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. आपल्या खात्यात ४५,००० रुपये जमा. बाबा गल्ल्यावरून ओरडले, "काय झालं गं?"

मी चिडवलं, "आई, पैसा कोठे शे?"

ती हसली. "आठे शे."

वर्षाला वीस हजार आठशे रुपये. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांच्या आत. टॅक्स वाचवायला गेलो होतो, उलट भरून आलो. बाबा आता बाजारात सगळ्यांना सांगतात, "महाग पडलं, पण भाव बरा होता."

चौकट : दोघांचा धंदा आहे? मग एवढं बघा

० पगार दाखवायचा असेल तर तो खरोखर द्या. दर महिन्याला, तिच्या किंवा त्याच्या स्वतःच्या खात्यात. नेमणुकीचं पत्र आणि कामाचा पुरावा ठेवा. कामाच्या मानाने पगार अवाच्या सवा असेल तर तेवढा खर्च नामंजूर होऊ शकतो.

० जोडीदाराकडे त्या कामाची डिग्री किंवा डिप्लोमा असेल तर क्लबिंगमधून सुटण्याचा रस्ता आहे. नसेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा.

० नोकरी करणाऱ्यांनाही क्लबिंग लागू! बायकोला पैसे भेट दिले आणि तिने एफडी केली, तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात. मात्र त्या व्याजाच्या पैशातून पुढे जे मिळतं ते तिचं.

० लग्नाआधी दिलेल्या भेटीला क्लबिंग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलंय की, देताना आणि उत्पन्न येताना, दोन्ही वेळी नवरा-बायको असायला हवं. पण उतावीळ वरांनो, सांभाळून! लग्नाआधी ती कायद्याने नातेवाईक नसते. वर्षात ५० हजारांवर भेटीचे पैसे गेले तर टॅक्स तिला बसतो.

० नफा १२ लाखांच्या आत आणि धंदा एकाच्या नावावर असेल, तर २०२५-२६ च्या नव्या रिजीममध्ये टॅक्स शून्यच. निव्वळ टॅक्ससाठी फर्म काढली तर ३१.२ टक्के अंगावर ओढवून घ्याल. आकडे आधी मांडा, सीएला दाखवा.

० जोडीदाराला पार्टनर करताना देण्यांची यादी त्याला किंवा तिला दाखवा. सही त्यानंतर.

० आणि आज घरी गेल्यावर एक टेस्ट करा. तुमच्या आईच्या, बायकोच्या खात्याचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?